देणे आणि मानणे

एकत्र कुटुंबातून धाकटा भाऊ वेगळा निघतो, तेव्हा थोरला भाऊ पारावर बसून चारचौघांत सांगतो, "त्याला मळ्यातले चार एकर दिले, दोन बैल दिले, माडीवरच्या दोन खोल्या दिल्या." ऐकणारे माना डोलावतात. थोरल्याचे मन मोठे, असेही कोणी म्हणते. त्या चार एकरांत धाकट्याचा हिस्सा जन्मापासून होता, ते बैल त्याच्याही कष्टांवर पोसले गेले होते, ही गोष्ट त्या तीन वेळा उच्चारलेल्या 'दिले'मध्ये कोठेतरी विरघळून जाते. मराठीतले 'देणे' हे क्रियापद मोठे लबाड आहे. जे आपले नव्हते तेही ते देऊन टाकते आणि वर पुण्य पदरात पाडून घेते.

हा प्रश्न घरापुरता राहिला असता, तर दिवाळी अंकाची पाने त्यासाठी खर्ची घालण्याचे कारण नव्हते. फराळाला बसलेल्या भावांनी तो आपापसांत मिटवला असता, किंवा नेहमीप्रमाणे न मिटवता चिवडा खाल्ला असता. पण हेच क्रियापद राज्यकारभारात शिरते तेव्हा त्याची लबाडी घातक होते. 'सरकारने आदिवासींना स्वशासनाचा अधिकार दिला' असे वाक्य आपण वर्तमानपत्रात कित्येकदा वाचतो आणि पान उलटतो. मला त्या वाक्यापाशी थांबावेसे वाटते. डोंगराळ मुलखात, कोणत्याही राजधानीचे नाव ऐकू येण्यापूर्वीपासून जे लोक आपले जंगल राखीत होते, आपले तंटे मिटवीत होते, आपले सण ठरवीत होते, त्यांना सरकारने नेमके काय दिले? आणि जे सरकारजवळ नव्हतेच, ते त्याने दिले कसे?

मी राहतो तो चारठाणा परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात आहे. जुन्या देवळांचे गाव. गोकुळेश्वराचे देऊळ, त्याची पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरणारी बारव, ठिकठिकाणी पडलेल्या कोरीव शिळा, यांमुळे इतिहासाचे अभ्यासक अधूनमधून येतात, मोजमापे घेतात आणि चहा पिऊन जातात. ज्या राजवटीत ही देवळे उभी राहिली ती गेली. यादव गेले, बहामनी आले, मोगल आले, आसफजाही निजाम आले. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची सत्ता संपली. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडले आणि आम्ही मुंबई राज्यात गेलो. १९६० साली महाराष्ट्र झाला. इतके धनी झाले, पण 'तुम्हांला आमच्याबरोबर यावयाचे आहे काय?' असे गावाच्या पारावर येऊन कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. गावाने बारवेचे पाणी काढले, ज्याची सत्ता त्याला सारा भरला. तेव्हा सरकारशी वाटाघाटी करणे ही काय चीज असते, हे आम्हां मराठवाड्याच्या लोकांना अनुभवाने ठाऊक नाही असे म्हणावे लागेल.

नाही म्हणावयास एक प्रसंग आहे. संयुक्त महाराष्ट्राची बोलणी चालली होती तेव्हा, १९५३ च्या सप्टेंबरात, नागपूर करार झाला. त्यात विदर्भ आणि मराठवाडा यांना काही आश्वासने मिळाली. नोकऱ्यांत वाटा, उच्च शिक्षणात वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरास. विदर्भाने ती आश्वासने जपून ठेवली, वेळोवेळी बाहेर काढून दाखवली. आम्ही मात्र अजून अभिमानाने सांगतो की मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला. 'बिनशर्त' हा शब्द उच्चारताना आमची छाती फुगते. पुढे अनुशेष मोजण्याची वेळ आली, दांडेकर समिती नेमावी लागली, वैधानिक विकास मंडळे स्थापावी लागली. तेव्हा मात्र याच शब्दाने आमचा घसा दाटून येतो. प्रेमाने आलेल्या सुनेने माहेरचा ऐवज लिहून घेतला नाही, आणि दहा वर्षांनी ती कपाट उघडून पाहते, तसे काहीसे झाले. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. प्रवेशाच्या आधी बोलणे आणि प्रवेशानंतर गाऱ्हाणे मांडणे यांत किती अंतर असते, ते आम्हांला चांगले कळते, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

आता ज्यांना 'आधी बोलण्या'ची संधीच मिळाली नाही अशांकडे वळू.

चारठाणा ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच राज्याच्या उत्तर टोकाला आदिलाबादचे जंगल होते. आजचा किनवट तालुका त्या काळी आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे, १९५६ साली तो इकडे आला. त्या जंगलात गोंडांची वस्ती. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेल्या जमिनींवर गोंड लोक एका रात्रीत अतिक्रमक ठरले. रेषा आखणाऱ्याने गाव पाहिले नव्हते, आणि गावाने रेषा पाहिली नव्हती. जंगलचे शिपाई दंड वसूल करीत, झोपड्या जाळीत. कुमरम भीम नावाचा गोंड या जुलमाविरुद्ध उभा राहिला. जोडेघाटाच्या परिसरातील बारा गावांचा कारभार आमचा आम्हांला करू द्या, अशी त्याची मागणी होती असे सांगतात. पाणी आमचे, रान आमचे, जमीन आमची. अधिकारी बोलावयास गेले, जमिनीचे पट्टे देऊ म्हणाले. पट्टा म्हणजे पुन्हा 'देणे'च. भीमाला पट्टा नको होता, गावांवरचा अधिकार मानून घ्यावयाचा होता. बोलणी फिसकटली आणि १९४० साली जोडेघाटाला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी भीम व त्याचे सोबती पडले. तिकडचे लोक त्याची पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेला पाळतात. आपल्याकडे त्या रात्री कोजागिरीचे दूध आटत असते.

गोळीबारानंतर निजाम सरकारला जाग आली, ही गोष्ट त्याच्या बाजूनेही नोंदवली पाहिजे. ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचा एक ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ त्या वेळी राज्यात होता. महायुद्ध चाललेले, आणि त्याच्याकडे जर्मन पासपोर्ट, म्हणून ब्रिटिशांनी त्याला हैदराबाद राज्याबाहेर पडण्यास मनाई केली होती. अशा या अर्ध्या कैद्याला सरकारने गोंडांकडे पाठवले. तो मार्लवाईला गोंडांच्या वस्तीत जाऊन राहिला, आणि बंड का झाले ते त्याने सरकारला सरळ लिहून कळवले. पुढे जमिनींचे पट्टे वाटले गेले, गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र मार्लवाईला निघाले, आणि गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके आपल्या देवनागरी लिपीत छापली गेली. माणूस सज्जन होता, काम चांगले होते. तरीही माझ्या मनात एक खडा राहतोच. बारा गावांनी मागितले होते ते वेगळे, आणि मिळाले ते वेगळे. मागितली होती मान्यता, मिळाली दया. दया वाईट असते असे नाही, उपाशी माणसाला ती अमृतासारखी लागते. पण दयेत देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खालीच राहतो.

आणि मौज पाहा. याच निजामाने सात वर्षांनी दिल्लीशी काय बोलणी केली? २९ नोव्हेंबर १९४७ रोजी त्याने भारत सरकारशी 'जैसे थे' करार केला. आमची घडी वेगळी, आमचा इतिहास वेगळा, आमचा कारभार आम्हांला करू द्या, हेच त्याचे म्हणणे होते. दिल्लीपुढे जो युक्तिवाद त्याने कायदेपंडित लावून मांडला, तोच युक्तिवाद जोडेघाटाच्या गोंडाने अंगावरच्या कपड्यानिशी त्याच्यापुढे मांडला होता. फरक एवढाच की निजामाजवळ फौज आणि खजिना होता म्हणून त्याच्याशी करार झाला, आणि भीमाजवळ काही नव्हते म्हणून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

मी निजामालाच दोष देत बसलो तर वाचक म्हणतील, मेलेल्या राजाला कोणीही धोपटतो. म्हणून थोडे जवळ येतो. स्वायत्ततेचा हा शब्द आपण सर्वजण तोंड वर करून उच्चारतो, खाली पाहून कोणी उच्चारत नाही. मुंबई दिल्लीला सांगते, राज्यांच्या अधिकारांवर गदा आणू नका. मराठवाडा मुंबईला सांगतो, आमचे निर्णय तिकडे बसून घेऊ नका. तालुका जिल्ह्याविरुद्ध कुरकुरतो. आणि तालुक्याच्या ठिकाणी बसलेला माणूस डोंगरकडेच्या वाडीला म्हणतो, "तुम्हांला काय कळते? आम्ही तुमच्या भल्याचेच पाहतो." हा जिना मोठा गमतीचा आहे. त्यावरचा प्रत्येक जण वरच्याचा पाय ओढतो आणि खालच्याच्या डोक्यावर पाय ठेवून उभा असतो.

घटना लिहिली जात होती तेव्हा एका माणसाने ही गोष्ट भर सभेत बोलून दाखवली होती. त्याचे नाव जयपालसिंग मुंडा. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकात सुवर्णपदक मिळवणाऱ्या हॉकी संघाचा हा कप्तान, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, छोटानागपूरचा आदिवासी. डिसेंबर १९४६ मध्ये घटनासमितीत तो म्हणाला की आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू नका, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिकावयास हवी. हे शब्द तो आर्जवाने बोलला नाही. बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाशी बोलावे तसा बोलला. घटनेत पाचवी आणि सहावी अनुसूची आली. पाचव्या अनुसूचीत राज्यपालाला मोठे अधिकार मिळाले, पण गावाला स्वतःचा असा आवाज मिळाला नाही. तो मिळण्यासाठी डिसेंबर १९९६ उजाडावा लागला. भुरिया समितीच्या शिफारशींवरून अनुसूचित क्षेत्रांसाठी 'पेसा' कायदा झाला आणि ग्रामसभा हा शब्द कायद्याच्या मध्यभागी आला. महाराष्ट्राने त्याचे नियम केले ते २०१४ मध्ये. अठरा वर्षे. एवढ्या काळात मूल मतदार होते.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे छोटे गाव आहे. शंभराच्या आसपास घरे. या गावाने एक घोषणा केली: 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' हे वाक्य मी शाळेतल्या मुलांना व्याकरणासाठी द्यावे म्हणतो. पहिल्या अर्ध्यात 'आमचे', दुसऱ्या अर्ध्यात 'आम्हीच'. दिल्लीचे सरकार परके नाही, तेही आमचेच, हे आधी सांगून टाकले. फुटून निघण्याची भाषा नाही. पण गावात मात्र आमचे कोणी नव्हे, आम्ही स्वतः. प्रतिनिधी नव्हे, मालकही नव्हे. घटनापंडितांना ज्यासाठी प्रकरणेच्या प्रकरणे लिहावी लागतात, ते या गावाने एका स्वल्पविरामाच्या दोन बाजूंना मांडले आहे.

या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या सहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलतात, पुन्हा बसतात. निर्णय घेण्याआधी अभ्यासगट बसतो, बाहेरचा जाणकार आला तर त्याला प्रश्न विचारतो. देवाजी तोफा हे गावातले आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले सोबती, यांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. पण सही करण्यासाठी एक माणूस पाठवा, असे म्हटले तर गाव बुचकळ्यात पडेल. येथेच सरकारशी होणाऱ्या बोलण्यांची खरी अडचण दिसते. सरकारला सही हवी असते. सही हाताने होते आणि गावाला हात नसतो, तोंडे मात्र पुष्कळ असतात. म्हणून सरकार एखादा हात शोधते. तो बहुधा पाटलाचा, पुढाऱ्याचा, नाहीतर ठेकेदाराच्या मेहुण्याचा निघतो. मग 'गावाने संमती दिली' असा कागद तयार होतो. मेंढ्याने असा सुटा हात ठेवलाच नाही, ही त्याची मोठी चतुराई.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याच्या नावातच 'वनहक्कांची मान्यता' असे शब्द आहेत, आणि प्रस्तावनेत ऐतिहासिक अन्यायाचा स्पष्ट कबुलीजबाब आहे. या कायद्यात 'देणे' नाही, 'मान्य करणे' आहे. हक्क आधीपासून होते, ते आम्ही लिहून ठेवले नव्हते, एवढेच राज्य येथे म्हणते. एका सार्वभौम सत्तेने स्वतःबद्दल असे म्हणावे, ही साधी गोष्ट नव्हे. थोरल्या भावाने पारावर बसून 'त्याचे होते ते त्याला मोकळे केले' असे म्हटले, तर किती घरांतली धुसफूस थांबेल याचा विचार करा.

पण कायदा बोलला तरी कचेरी बोलत नाही. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या काही गावांत त्याचा नंबर लागला. त्यानंतर बांबूचा वाद निघाला. १९२७ च्या जुन्या वन कायद्याने बांबूला झाडात गणले होते, नव्या कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले. झाड असेल तर खात्याचे, गौण वनोपज असेल तर गावाचे. वनस्पतिशास्त्राला विचारावे तर ते सांगते की बांबू हे गवत आहे. गाव बांबू तोडू शकत होते, पण वाहतूक परवान्यावाचून तो गावाबाहेर नेता येत नव्हता, आणि परवाना देणे खात्याच्या हाती होते. म्हणजे गाय तुझी, दूध तुझे, पण चरवी माझी. अखेर मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना बांबूबद्दल पत्र लिहिले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला गेले. वाहतूक परवान्यांचे पुस्तक तेथे ग्रामसभेच्या हाती पोचले. गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षे कागदाच्या गिरणीकडे जात होता. त्याचा कागद होऊन, त्या कागदावर कायदे छापून, ते कायदे पुन्हा बांबूवर राज्य करावयास येत. या फेऱ्यात गावाच्या हाती स्वतःचे असे जे पहिले पुस्तक पडले, ते परवान्यांचे.

त्या दिवशी मंत्र्यांनी काय केले? पुस्तक 'दिले' असेच कोणीही म्हणेल. पण मंत्री गावात गेले, गावाला मुंबईस बोलावले नाही, याला मी फार महत्त्व देतो. ज्याच्या दारात बोलणी होतात त्याचा मान राहतो. सोयरीक जमवताना मुलीकडच्यांना किती वेळा हेलपाटे घालावे लागले, यावरून पुढचा संसार ओळखणाऱ्या आपल्या आज्या काही वेड्या नव्हत्या.

सोयरिकीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्याकडे मुलीला 'विचारण्या'ची रीत आहे. मुहूर्त ठरला, वाजंत्री सांगितली, पत्रिका छापल्या, आणि मग आई मुलीजवळ बसून म्हणते, "तुला पसंत आहे ना?" मुलगी मान खाली घालते. हे विचारणे झाले. 'पेसा' कायद्यात अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा असे म्हटले आहे. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. त्याहून जुन्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात तर गावाच्या संमतीला जागाच नव्हती. आमच्या जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे धरण झाले, ते याच कायद्याच्या राज्यात. ज्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर देण्याची मुभा नाही, तो प्रश्न नव्हे, तो मान्यवर पाहुण्यांसमोर वाचून दाखवलेला हुकूम होय.

'नाही' म्हणण्याची मुभा खरोखरच मिळाली तर काय होते, ते २०१३ मध्ये ओडिशात दिसले. नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइटच्या खाणीचा प्रकल्प यावयाचा होता. डोंगरिया कोंध लोक त्या डोंगराला नियमराजा मानतात. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या लोकांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनीच करावा. राज्य सरकारने बारा गावे निवडली. पावसाळ्याच्या दिवसांत बारा ग्रामसभा भरल्या, आणि बाराच्या बारा 'नाही' म्हणाल्या. विकासाला विरोध झाला अशी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. मला त्या बारा 'नाही'पेक्षा ते विचारणे अधिक अपूर्व वाटले. बारांनी 'हो' म्हटले असते, तरी ते तितकेच अपूर्व ठरले असते.

येथवर माझ्याबरोबर आलेल्या एखाद्या वाचकाच्या मनात आक्षेप उभा राहिला असेल, आणि तो क्षुद्र नाही. हा आक्षेप डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत मांडला होता. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके, घटनेने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला याचा मला आनंद आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मराठवाड्यात राहून मी हे कसे खोडू? आमच्या गावांचा कारभार गावेच पाहत होती, त्या काळात वेशीबाहेर कोण राहत होते, बारवेवर पाणी भरावयास कोणाला मज्जाव होता, वेठबिगार कोण करीत होते, हे मला कोणी सांगावयास नको. गढीवरचा देशमुख 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणाला असता, तर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला असता. गावाचे स्वराज्य म्हणजे गावातल्या बलिष्ठाचे राज्य होणार असेल, तर दिल्लीची लांबलचक काठी परवडली.

हा आक्षेप मला आजही पुरता पचलेला नाही. माझ्यापुरते मी एवढेच पाहतो की स्वशासन मागणारा आपल्या गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला काय म्हणतो. मेंढ्यात एकाचा नकार निर्णय थांबवू शकतो, बायका सभेला बसतात, आणि २०१३ मध्ये त्या गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली खाजगी शेतीसुद्धा ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. येथे 'आम्हीच'चा अर्थ 'आम्ही सगळेच' असा होतो. उलट आमच्याकडच्या एका गावची ग्रामसभा मी पाहिली आहे. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, तेव्हा दुसऱ्या खेपेस सातजणांनी बसून साऱ्या गावाचे ठराव मंजूर केले. महिलांची सभा आधी घ्यावी लागते, तिच्या सह्या नोंदवही घरोघर फिरवून घेण्यात आल्या. अशा सभेच्या हाती जंगल सोपवावयास मीही धजणार नाही. पण मग न्याय असा की दिल्लीनेही आपल्या सभांतली गणपूर्ती मोजून पाहावी. दुबळ्याला न विचारणे हा केवळ खेड्याचा रोग आहे असे मानण्यास मला आधार सापडत नाही.

या बोलण्यांत भाषा हाही एक तिसरा पक्ष असतो. न्यूझीलंडमध्ये १८४० साली माओरी प्रमुख आणि इंग्लंडची राणी यांच्यात वायटांगीचा तह झाला. तहाच्या प्रती दोन. इंग्रजी प्रतीत माओरींनी सार्वभौमत्व राणीला सोपवले असे लिहिले होते. माओरी प्रतीत त्या जागी 'कावानातांगा' म्हणजे नुसता राज्यपालाचा कारभार असा शब्द होता, आणि प्रमुखांचे स्वतःचे अधिकार त्यांच्याकडेच राहतील असे आश्वासन होते. बहुतेक प्रमुखांनी सही केली ती माओरी प्रतीवर. एका शब्दाचे भांडण पावणेदोनशे वर्षे मिटलेले नाही. कॅनडाच्या पश्चिमेकडील निस्गा लोकांचे प्रमुख आपल्या जमिनीची गोष्ट बोलावयास होड्या वल्हवत राजधानीला गेले ते १८८७ साली. त्यांचा करार अमलात आला तो २००० साली. मूळ मुलुखाचा दहावा हिस्साही त्यांच्या वाट्याला आला नाही, सुमारे २,००० चौरस किलोमीटर. पण तेवढ्या जमिनीवर कायदे त्यांचे. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे निस्गांनी ठरवावे. मला त्यातले ११३ हे वर्षांचे अंतर विसरता येत नाही. वाटाघाटीत ज्याला घाई नसते तो जिंकतो असे व्यापारी म्हणतात, आणि सरकारला घाई कधीच नसते. अर्ज करणारा म्हातारा होतो, अर्ज घेणारा बदलून जातो.

हे सारे लांबचे झाले. आमच्या जिंतूरच्या डोंगराकडेला आणि पलीकडे हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी-औंढ्याच्या बाजूला आंध लोकांची वस्ती आहे. आंध ही अनुसूचित जमात आहे, त्यांची भाषा मराठी, राहणी कुणब्यासारखी. महाराष्ट्रातल्या तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. नांदेड जिल्ह्यात ते किनवटच्या बाजूला आहे, परभणी आणि हिंगोलीत नाही. तेव्हा किनवटकडच्या अनुसूचित गावच्या आंधाची ग्रामसभा 'पेसा'ची, आणि जिंतूरकडच्या आंधाची साधी. माणूस तोच, नाती-सोयरिकी त्याच, कदाचित दोघे सख्खे साडूही असतील. एकाच्या गावाला काही प्रश्न विचारले जातील, दुसऱ्याच्या गावाला नाही. स्वशासनाचा हक्क माणसांचा की नकाशाचा, हा प्रश्न मी एका सुशिक्षित आंध तरुणाशी बोललो. तो हसून म्हणाला, "गुरुजी, आम्ही आदिवासी आहोत हे आम्हांलाच दर वेळी कागदावर सिद्ध करावे लागते. स्वशासन त्याच्या नंतरचे."

वनहक्क कायदा मात्र नकाशा पाहत नाही. जेथे जंगल आहे तेथे तो लागू आहे, आमच्या जिल्ह्यातही. त्यात एक मेख आहे. आदिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवले की पुरते. शेजारचा जो धनगर, वंजारी किंवा बौद्ध त्याच रानावर जगतो, त्याला त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्या म्हणजे पंचाहत्तर वर्षे दाखवावी लागतात. हिशेब केला तर १९३० साल येते. १९३० साली येथे निजामाचे राज्य होते आणि दफ्तर उर्दूत होते. म्हणजे महाराष्ट्र सरकारकडून आपले रान मान्य करून घेण्यासाठी एखाद्या मेंढपाळाच्या नातवाने हैदराबादच्या राज्याचे उर्दू कागद शोधावे, आणि ते वाचू शकणारा म्हातारा गाठावा. असे म्हातारे मराठवाड्यात आता थोडेच उरले आहेत.

तरी नियम करणाऱ्याला कोठेतरी गावाची आठवण झाली असली पाहिजे. कारण पुराव्यांच्या यादीत सरकारी कागदांबरोबर आणखीही काही गोष्टी त्याने घातल्या आहेत. गावातल्या वृद्धांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकत चालते. घर, बांध, विहीर, स्मशान, देवस्थान यांच्या खुणाही पुरावा म्हणून चालतात. ज्यांच्याजवळ एकही कागद नाही, त्यांनी समितीला घेऊन रानात जावे आणि आजोबाला जेथे पुरले तो दगड दाखवावा, अशी सोय कायद्यात आहे. समितीने तेवढे चालत गेले पाहिजे.